एकशेतीसचा जेट

सोमवार, ११ फेब्रुवारी १९७४

केशरच्या बांगड्या वाजत नाहीत!

सकाळी ती भाकरी थापत होती, मी समोर चहा घेऊन बसलेलो. हात खालीवर होतोय, बांगड्या मनगटावर नाचताहेत — आणि आवाज नाही. भाकरीची थापथाप मात्र बराबर ऐकू येते. मी विचारलं, बांगड्या नव्या का गं? "नव्या? आन् त्या कोन आनल्या, तुम्ही?" म्हणाली. वर हसली. मीही हसलो. पण मग दुकानात दिवसभर तेच डोक्यात.

मळ साचला असेल. दुसरं काय!

गुरुवार, १४ फेब्रुवारी

लसणाची पाकळी घालून तेल कोमट केलं. तीन दिवस झाले, दोन्ही कानांत चार-चार थेंब. उशीचा अभ्रा तेलकट झाला म्हणून केशरची बोलणी बसली. तेवढी मात्र नीट ऐकू आली.

पोस्टमन सायकलवर मागून आला तो थेट अंगावर. "घंटी वाजवून अंगठा दुखला माझा, मिस्त्री!" म्हणाला. मी म्हणालो, विचारात होतो.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

पुंजाराम पाटलाची बुलेट आली. रेस सोडली की बंद पडते. स्लो लावायचा, एवढंच काम. डोळे मिटून करण्यासारखं — आणि मी डोळे मिटूनच करतो.

माझी पद्धत सगळ्या राजूरला ठाऊक आहे. गाडी चालू करायची, पेचकस हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, कान कार्बेटरजवळ न्यायचा. तेवढा वेळ दुकानात कोणी बोलायचं नाही. कोणी बोललं तर मी हातातलं ठेवून सरळ चहाला निघून जातो. पंचवीस वर्षांत हे सगळ्यांना पाठ झालंय. पुंजाराम पाटलाच्या बापाच्या ओट्यावर माझ्या बापाला कधी पाय ठेवता आला नाही. आणि तोच पुंजाराम पाटील माझ्या दुकानात तोंड मिटून उभा राहतो, मी मान हलवेपर्यंत! खोटं कशाला लिहू, या गोष्टीची मला चव लागली आहे. या कानानं जेवढा मान मिळवून दिला तेवढा दुसऱ्या कशानं नाही.

आज डोळे मिटले आणि कळेना. धडधड येते, पण तिच्या आतलं बारीक काही येत नाही. शेवटी पेचकसाचं टोक कार्बेटरला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. दातांतून थोडं समजलं. पाटील बघतच राहिला. "हे काय नवीन, तातेराव?" म्हणालो, आमच्या उस्तादांची जुनी पद्धत आहे. ठोकून दिली! आता तो गावभर सांगत सुटेल, तातेराव दातानं गाडी ऐकतो म्हणून.

स्लो लागला. 

शनिवार, २३ फेब्रुवारी

तेल बंद केलं. फरक नाही. कोणाला सांगायचं नाही. केशरलासुद्धा नाही.

रविवार, ३ मार्च

बेबीनंदा आणि जावई आले — मोटारसायकलवर! टेंभुर्णीहून थेट राजूर. साहेबरावांनी गाडी घेतली. मिलिटरीच्या लिलावात निघालेली इंग्लिश साडेतीनशे, माझ्या लग्नाच्या आसपासची असेल. टाकीवर मिलिटरीचा हिरवा रंग अजून कुठं कुठं दिसतो. बेबीनंदा मागं पदर दाताखाली धरून बसलेली. सगळी गल्ली बाहेर आली. केशर तर गाडीवरून भाकरतुकडा ओवाळायला निघाली होती, मीच थांबवलं. अठरा वर्षं झाली दीक्षा घेऊन, अजून हिचा भाकरतुकडा सुटत नाही.

साहेबराव शाळेत कवायतीचे मास्तर. अजून कायम झालेले नाहीत, जूनमध्ये होतील असं हेडमास्तर म्हणतात. माणूस चांगला. बोलणं कमी. माझ्यासमोर तर फारच कमी — "हो मामा", "बरं मामा", संपलं.

जेवणानंतर बेबीनंदानं त्यांना कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं तोंड उघडलं. "मामा, गाडी पेट्रोल लई पिऊ राह्यली. भाव तर तुम्हाला म्हाईतच हाय. थोडा अ‍ॅव्हरेज वाढवून भेटल का?"

लग्नाला चार वर्षं झाली. जावयांनी पहिल्यांदा काही मागितलं! मी म्हणालो, गाडी ठेवून जा, आठ दिवसांनी न्या. लोण्यासारखी करून देतो.

मंगळवार, ५ मार्च

कार्बेटर उघडला. आत ही घाण! फ्लोट ठीक. सुईची क्लिप सगळ्यात खालच्या खाचेत — मागच्या मालकाची स्वतःची विहीर असावी पेट्रोलची. प्लग काळाकुट्ट. पेट्रोल सोडणारा जेट दीडशे नंबरचा, पण भोक झिजून मोठं झालेलं. एवढ्या मोठ्या भोकातून पेट्रोल गेल्यावर अ‍ॅव्हरेज कुठून येणार?

क्लिप एक खाच वर घेतली. पण खरा इलाज जेटचाच, भोक बारीक पाहिजे. या गाडीचा जेट आता मुंबईला तरी मिळेल की नाही कोण जाणे. मग आपली नेहमीची रीत. भोकात झाळ भरून बंद केलं आणि सोनाराकडं गेलो. त्याच्याकडं केसाएवढं गिरमिट असतं. पितळेची ती बोंडी चिमट्यात धरून, चष्मा पुसत तो म्हणाला, "किती पाडू?" एकशेचाळीस म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो — एकशेतीस.

जावयांना चार मैल जास्त मिळतील. आणि बारीक झाला तर पुन्हा वाढवता येतो, त्यात काय! पेट्रोल कमी पडलं की चढाला गाडी आतून सांगतेच. टिंग टिंग करते, पितळी वाटीत ज्वारीचे दाणे पडावेत तशी. ते ऐकू आलं की समजायचं, आतून ठोकते आहे, तापते आहे, हात आखडता घ्या. तो आवाज मला तीन शेतांवरून ओळखू येतो.

येतो!

गुरुवार, ७ मार्च

लागली गाडी! भोकरदनच्या रस्त्यानं लांब फिरवून आणली. काय गोड आवाज! इतकी स्वच्छ गाडी माझ्या हातून आयुष्यात लागली नव्हती. चढाला पूर्ण रेस दिली, मान वाकवून कान दिला — काही नाही. ना टिंग, ना खडखड. नुसती एकसारखी धडधड. एकशेतीसवरसुद्धा हिची तक्रार नाही! जुन्या लोखंडाची गोष्टच वेगळी.

परत आलो तर भिवा दुकानासमोर गाड्यावर पेट्रोलच्या बाटल्या मांडून उभा. राजूरला पंप नाही, ज्याला लागेल तो भिवाची बाटली घेतो. त्याला म्हणालो, ऐक, ऐक कशी चालते! तो म्हणाला, "तुम्ही लावल्यावर आपन काय बोलावं, मिस्त्री."

उगाच घाबरलो होतो इतके दिवस. बांगड्यांचं काय, हल्ली काचच हलकी येते.

रविवार, १० मार्च

जावई गाडी घेऊन गेले. बराबर झाली का, विचारलं. "हो मामा."

शुक्रवार, १५ मार्च

टेंभुर्णीहून निरोप — अ‍ॅव्हरेज एकदम वाढला! केशरला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं म्हणे. चौथ्यांदा तोंड उघडलं तर म्हणाली, "ऐकलं वो! भैरी न्हाई झाले मी."



मंगळवार, १९ मार्च

साहेबराव पडले.

बुधवार, २० मार्च

जालन्याहून आत्ता आलो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल दुपारी शाळेच्या कामाला जालन्याला निघाले होते. राजूरला थांबले, भिवाकडून दोन बाटल्या ओतून घेतल्या. मी नेमका जेवायला घरी. घाईत होते, तसेच पुढं गेले. गावाबाहेरच्या चढावर पूर्ण रेस दिलेली — आणि इंजिन आतल्या आत जाम. मागचं चाक जागच्या जागी धरलं. गाडी आडवी, उजवा पाय खाली. एका ट्रकवाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं. भला माणूस, नाव सांगायलाही थांबला नाही.

गुडघ्याची वाटी फुटली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, पण गुडघा किती वाकेल ते प्लास्टर काढल्यावर कळेल. कवायतीच्या मास्तरांचा गुडघा! बेबीनंदा पायथ्याशी बसलेली, रडून रडून तोंड सुजलंय. मला बघून पुन्हा सुरू झाली.

साहेबरावांनी डोळे उघडले. मला वाटलं पाणी मागतात. तर म्हणाले, "मामा, गाडीला लई लागलं का?"

शुक्रवार, २२ मार्च

गाडी दुकानात आणून टाकली लोकांनी. मी फळ्या लावून घेतल्या आणि एकट्यानं खोलली.

प्लग आधी काढला. पांढरा! चुन्यासारखा पांढरा, पेट्रोल कमी पडून भाजलेला, आणि त्यावर मोहरीपेक्षा बारीक चकचकीत थेंब. ते थेंब पिस्टनचे. हेड उचललं. पिस्टनच्या माथ्यावर खड्डेच खड्डे, एका बाजूनं कड वितळून सिलेंडरला चिकटलेली. हातोडीचा दांडा लावून ठोकला तेव्हा सुटला.

एका दिवसात असं होत नाही. ही गाडी दहा-बारा दिवस आतून ठोकत होती. म्हणजे ७ तारखेलाही ठोकत होती. मी चढावर मान वाकवून कान दिला होता तेव्हा माझ्या कानाखाली ठोकत होती.

भिवाच्या पेट्रोलचा यात काही संबंध नाही. टाकीत उरलेलं बशीत काढून पाहिलं, वास घेतला, बोटावर उडवून पाहिलं. रॉकेलचा थेंब नाही. चांगलं पेट्रोल.

एकशेतीस. मी.

रविवार, २४ मार्च

भिवाच्या बाटल्या फोडल्या!

दोन दिवस गावात तेच चाललं होतं — भिव्यानं रॉकेल मिसळलं, मास्तरांचा पाय घालवला. आज सकाळी दहा-बारा जण आले, पुंजाराम पाटील पुढं. गाडा उलटा केला. भिवाच्या तोंडात दोन बसल्या. रस्त्यावर पेट्रोल वाहत गेलं.

भिवा धावत माझ्या दुकानात शिरला. ओठ फुटलेला. "मिस्त्री, तुम्ही गाडी खोलली ना? तुम्ही सांगा ह्याह्यला. माझं पेट्रोल घान होतं का? तुम्ही म्हन्ले तर मी गाव सोडतो."

आणि सगळे गप्प झाले! दारात दहा-बारा माणसं, एक शब्द नाही. माझ्या तोंडाकडं बघताहेत. मी सांगेन ते खरं.

मी म्हणालो, अजून पूर्ण खोलली नाही. बघून सांगतो.

हे मी म्हणालो. गाडी दोन दिवसांपासून दुकानातच उघडी पडली होती, वर पोतं टाकलेलं. पोत्याकडं बघत म्हणालो. भिवानं मान हलवली आणि बाटल्यांच्या काचा वेचायला गेला. कसला नीच माणूस आहे मी! पन्नाशी आली, असा कधी वागलो नव्हतो.

सोमवार, २५ मार्च

भिवाचा गाडा समोर रिकामा उभा. दुकानात बसवत नाही.

बुधवार, २७ मार्च

नवीन जालन्यात स्टेशनजवळ कानाचे डॉक्टर आहेत. केशरला सांगितलं, साहेबरावांना बघून येतो. त्यांनाही बघितलं, पण आधी इकडं गेलो.

डॉक्टरांनी लोखंडाचा काटा टेबलावर आपटून कानाजवळ धरला. ऐकू आला. दुसरा घेतला. तोही आला, जरा लांबून. तिसरा लहान होता. तो आपटलेला मी पाहिला, थरथरताना पाहिला. "आला?" मी म्हणालो, आपटा ना. ते म्हणाले, "आपटला."

इंजिनाजवळ किती वर्षं, विचारलं. म्हणालो, पंचवीसच्या वर. त्यांनी काटे पेटीत ठेवले. "बारीक आवाज आधी जातात. जाडे राहतात. म्हणून माणसाला वाटतं, आपलं सगळं ठीक आहे." औषध? नाही. ऑपरेशन? नाही. यंत्र? "यंत्रानं जाडे आवाज आणखी मोठे होतील, तुमचं काम होणार नाही. आहे तेवढं जपा."

झालं. धडधड ठेवली आणि टिंग नेली. नेमकं ज्याच्यावर पोट होतं तेवढंच नेलं! गाडी मला इतकी गोड का लागली, ते आता कळलं. जे खराब होतं ते मला ऐकूच येत नव्हतं.

तिथून साहेबरावांकडं. उशाशी बसलो. आत्ता सांगू, आत्ता सांगू — असा एक तास गेला. त्यांनी मोसंबं सोलून अर्धं मला दिलं. खाल्लं आणि परत आलो.

मंगळवार, २ एप्रिल

आलेल्या गाड्या परत पाठवतो आहे. कमरेत धरलंय म्हणून सांगतो. लोक म्हणतात, बसून नुसतं ऐका, पाना आम्ही फिरवतो! 

रविवार, ७ एप्रिल

आज सांगितलं. सगळ्यांसमोर. आणि काय झालं ते लिहितो — कोणाला सांगितलं तर हसेल.

देवळाच्या रस्त्यावरच्या हॉटेलात सकाळी गर्दी असते. पुंजाराम पाटील होता, त्या दिवशीचे बाकीचेही होते. मी उभा राहिलो. म्हणालो, भिवाचं पेट्रोल चांगलं होतं. जेट मी बारीक ठेवला. गाडी आतून ठोकत होती आणि मला ऐकू आलं नाही. माझे कान गेलेत. पाय भिवानं नाही, मी मोडला.

 मग पाटील हसला. चिडून नाही, मायेनं! "तातेराव, तुमचा कान आन् चुकल? सख्खा जावई आडवा पडला तरी त्या भिव्याची दया येऊ राह्यली तुम्हाला. मन मोठं हाय तुमचं."

मी ओरडलो, अरे खरंच ऐकू येत नाही! तर तो माझ्या मागं गेला आणि हळूच म्हणाला, "चहा घेता का?" पाटलाचा आवाज रेड्यासारखा जाडा. आला ऐकू! मी मूर्खासारखा म्हणालो, नको. सगळं हॉटेल हसलं. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. चहा पाजलाच शेवटी.

पिस्टन आणून दाखवला असता तरी म्हणाले असते, हे रॉकेलनंच झालं. कारण मी सोडून पिस्टन वाचणारं इथं आहे कोण? पंचवीस वर्षं या लोकांना हेच शिकवलं की तुम्हाला कळत नाही, मला कळतं.

परत येताना भिवा भेटला. त्याच्या कानावर गेलं होतं. हात जोडले त्यानं. "माझ्यासाठी एवढं खोटं बोलले तुम्ही, मिस्त्री. उपकार हायेत."

सोमवार, ८ एप्रिल

केशरच्या कानावरही गेलं. ती चिडली होती, गावासमोर स्वतःला बट्टा लावून घेता म्हणून. मी म्हणालो, बांगड्या वाजव. "काय?" म्हटलं, वाजव, माझ्या कानाजवळ. तिनं हात हलवला. या कानाजवळ, मग त्या. "वाजू राह्यल्या की!" म्हणाली. मी तिच्याकडं बघत बसलो. मग तिला कळलं. खाली बसली, पदर तोंडाला लावला.

एक माणूस तरी विश्वास ठेवतं.

डोळे पुसून म्हणाली, "जावयाला सांगा. पोरीला बी. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत."

हो म्हणालो. दोघांनाही सांगतो.

रविवार, १४ एप्रिल

जयंती. मिरवणूक दारावरून गेली. हलगी पोटात घुमत होती. लेझमीचे हात दिसले, छनछन नाही. टेंभुर्णीच्या लेझीम पथकापुढं दरवर्षी साहेबराव असतात. यंदा घरी खाटेवरून ऐकत असतील.

बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहवलं नाही. हार केशरनं घातला.

शनिवार, २० एप्रिल

केशरला हो म्हणून बारा दिवस झाले, अजून टेंभुर्णीला गेलो नाही. एकदा एसटी चुकली. एकदा चुकवली.

मंगळवार, ३० एप्रिल

जालन्याला नेऊन प्लास्टर काढलं. पाय काठीसारखा बारीक झालाय. डॉक्टरांनी धरून वाकवला — साहेबरावांनी खाटेची पट्टी घट्ट धरली, तोंडातून आवाज काढला नाही. अर्ध्याच्या अलीकडंच थांबतो. याच्यापुढं फार आशा ठेवू नका, डॉक्टर म्हणाले. चालता येईल. पळणं, उकिडवं बसणं, उडी — नाही.

मी तिथंच उभा होतो. माझ्या देखत सांगितलं.

शुक्रवार, ३ मे

हेडमास्तरांची चिठ्ठी आली, बेबीनंदानं निरोपात कळवलं. जूनपासून कवायतीला दुसरे मास्तर येणार. साहेबरावांसाठी आफिसात काही जमलं तर बघू, असं लिहिलंय. बघू!

बस झालं. आता उद्या-परवा करायचं नाही, रविवारी सकाळची एसटी. केशर सोबत येते म्हणाली, नको म्हणालो. शिव्या घातल्या तर एकट्यानं खायच्यात. हाकलून दिलं तर दिलं. पोरगी तोंड बघणार नाही कदाचित. तेही बरोबर होईल. साहेबराव तोंडावर बोलले तर फार बरं होईल — एकदा तरी मोठ्यानं बोला म्हणावं, मामा, तुम्ही माझं वाटोळं केलं. मला ऐकायचंय.

कसं सुरू करायचं ते ठरवलंय. आधी कान, मग जेट, मग भिवा. मध्ये थांबायचं नाही.

रविवार, ५ मे

सांगितलं. सगळं, मान खाली घालून. बेबीनंदाही होती.

साहेबराव सरकून माझ्या जवळ आले. मग मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "मामा, तो आवाज मला पहिल्या दिवसापासून येऊ राह्यला होता. टिंग टिंग. हिला बी येत होता. मागं बसून म्हन्ली होती मला."

मी म्हणालो, अहो मग बोलला का नाहीत?

"तुम्ही लावलेली गाडी, मामा. म्हन्लं, तुम्ही ठेवलाय म्हंजे आवाज तसाच पाह्यजे असंल."